ई-सायकलचा वेग वाढवणे : नियम, दंड आणि लाभार्थ्यांनी घ्यावयाची काळजी

ई-सायकलला नंबर प्लेट लागत नाही, चालवण्याचा परवाना लागत नाही, विमाही लागत नाही. त्यामुळेच कामावर जाणारे कामगार, घरपोच सामान पोहोचवणारे तरुण, छोटे विक्रेते आणि विद्यार्थी मोठ्या संख्येने ई-सायकलकडे वळत आहेत. काही राज्यांनी तिच्या खरेदीला अनुदानही दिले. मात्र ही सूट विशिष्ट मर्यादेतल्या वाहनालाच आहे. दुकानात किंवा गॅरेजमध्ये "लॉक काढून देतो", "स्पीड ओपन करून देतो" असे सांगून त्या मर्यादा काढल्या जातात आणि त्याच क्षणी कायद्याच्या दृष्टीने तुमच्याकडे सायकल राहत नाही. नोंदणी नसलेले, विमा नसलेले मोटार वाहन राहते. वेग वाढवून देणारा पाचशे-हजार रुपये घेऊन मोकळा होतो. त्यानंतरची सारी जबाबदारी मालकाची असते.

ही माहिती ई-सायकल वापरणाऱ्या, अनुदानावर घेतलेल्या किंवा घेऊ इच्छिणाऱ्या लाभार्थ्यांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी आहे. कमी वेगाच्या, नंबर प्लेट नसलेल्या ई-स्कूटरलाही हेच नियम लागू आहेत.

ई-सायकल कायद्याने "सायकल" केव्हा ठरते?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम २(यू) मध्ये बॅटरीवर चालणाऱ्या वाहनाची व्याख्या दिली आहे. पुढील सर्व अटी पाळणारे दुचाकी वाहन मोटार वाहन मानले जात नाही :

• मोटरची तीस मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॅटपेक्षा, म्हणजे २५० वॅटपेक्षा कमी असावी.
• कमाल वेग ताशी २५ किमीपेक्षा कमी असावा.
• बॅटरीचे वजन सोडून वाहनाचे वजन ६० किलोपेक्षा जास्त नसावे.
• योग्य ब्रेक असावेत. पुढे पांढरा आणि मागे लाल परावर्तक असावा.
• पायडल मारताना मोटर मदत करते अशा सायकलमध्ये वेग वाढत जाईल तशी मोटरची मदत कमी होत जावी आणि ताशी २५ किमीला, किंवा त्याआधी पायडल मारणे थांबवल्यास, ती पूर्ण बंद व्हावी.

"तीस मिनिटांची शक्ती" म्हणजे मोटर सलग अर्धा तास जी शक्ती देऊ शकते ती. मोटर सुरू होताना किंवा चढावर काही क्षण यापेक्षा जास्त जोर लावते; तो यात धरला जात नाही. दुकानदार मोटरच्या क्षणिक शक्तीचा मोठा आकडा सांगून भुलवतात किंवा उलट तो लपवतात. म्हणून जाहिरातीतल्या आकड्यापेक्षा प्रमाणपत्रावरचा आकडा पाहावा.

या अटी पूर्ण होतात की नाही हे विक्रेता ठरवत नाही. नियम १२६ मध्ये नमूद केलेल्या चाचणी संस्थांपैकी एखादीने त्या मॉडेलची तपासणी करून प्रमाणपत्र द्यावे लागते. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया आणि हरियाणात मानेसर येथील इंटरनॅशनल सेंटर फॉर ऑटोमोटिव्ह टेक्नॉलॉजी या त्यांपैकी दोन संस्था आहेत. सायकल खरेदी करताना या प्रमाणपत्राची प्रत मागून घ्यावी आणि बिलासोबत जपून ठेवावी. रस्त्यात कोणी अडवल्यास "ही सायकलच आहे" हे दाखवणारा तुमच्या हातातला कागद तोच आहे.

वेग कसा वाढवला जातो?

ई-सायकलमध्ये मोटर आणि बॅटरी यांच्यामध्ये कंट्रोलर नावाचा एक छोटा डबा असतो. बॅटरीतून मोटरला किती वीज द्यायची आणि कधी थांबवायची, हे तो ठरवतो. ताशी २५ किमीची मर्यादा बहुतेक वेळा याच डब्यात घातलेली असते. काही मॉडेलमध्ये ती सेटिंग बदलून काढली जाते, काहींमध्ये कंट्रोलरच बदलला जातो. दुसरा प्रकार म्हणजे ३६ व्होल्टच्या जागी ४८ व्होल्टची बॅटरी बसवणे. मोटरचे फेरे व्होल्टेजच्या प्रमाणात वाढतात, त्यामुळे तीच मोटर जवळपास एक तृतीयांश अधिक वेगाने फिरते. तिसरा आणि सर्वांत महागडा प्रकार म्हणजे ५०० किंवा ७५० वॅटची मोटर असलेले चाक बसवणे.

बाहेरून यातले काहीच दिसत नाही. सायकल तीच, रंग तोच, स्टिकरही "२५० वॅट"चेच. त्यामुळे जुनी ई-सायकल विकत घेणाऱ्याला आपण बदल केलेले वाहन घेतले हे कळतही नाही.

मर्यादा ओलांडल्यावर कायद्यात काय बदलते?

वरील व्याख्येतून वाहन बाहेर पडले की मोटार वाहन अधिनियम, १९८८ त्याला पूर्णपणे लागू होतो. कलम ३९ नुसार नोंदणी, कलम ३ नुसार चालक परवाना, कलम १४६ नुसार तृतीय पक्ष विमा आणि कलम १२९ नुसार हेल्मेट, हे सर्व एकाच वेळी बंधनकारक होते. बदल केलेल्या ई-सायकलच्या मालकाकडे यांपैकी पहिली आणि तिसरी गोष्ट असूच शकत नाही.

२०१९ च्या दुरुस्तीनंतरचे दंड असे आहेत :

• नोंदणी नसलेले वाहन चालवणे (कलम १९२) : पहिल्या वेळी किमान २,००० आणि कमाल ५,००० रुपये. पुन्हा आढळल्यास ५,००० ते १०,००० रुपये दंड, एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही.
• परवाना नसताना चालवणे (कलम १८१) : ५,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. परवाना नसलेल्याला वाहन चालवू देणाऱ्या मालकालाही कलम १८० नुसार दंड होतो.
• विमा नसणे (कलम १९६) : २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पुन्हा आढळल्यास दंड ४,००० रुपये.
• नियमबाह्य बदल करणारा मालक (कलम १८२ए) : प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.
• हेल्मेट नसणे (कलम १९४डी) : १,००० रुपये दंड आणि तीन महिन्यांसाठी परवाना चालवण्यास अपात्रता.

रस्त्यावर तडजोड म्हणून घेतली जाणारी रक्कम प्रत्येक राज्याने अधिसूचना काढून ठरवलेली असते, म्हणून ती राज्यागणिक वेगळी दिसेल. नोंदणी किंवा परवाना नसल्यास कलम २०७ नुसार पोलीस वाहन ताब्यात घेऊ शकतात. ज्याची रोजची मजुरी त्या सायकलवर अवलंबून आहे, त्याला दंडापेक्षा हेच जास्त जाचते.

बदल करून विकणाऱ्या विक्रेत्याला कायदा अधिक कडक आहे. कलम १८२ए नुसार विक्रेत्याला किंवा उत्पादकाला प्रत्येक वाहनामागे एक लाख रुपये दंड, एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. महाराष्ट्रात २०२२ मध्ये परिवहन विभागाने मान्यता नसलेल्या आणि बदल केलेल्या ई-बाइकविरुद्ध तपासणी मोहीम घेतली होती. अशा मोहिमेत दुकानासोबत ग्राहकाचे वाहनही अडकते, हे लक्षात ठेवावे.

अपघात झाल्यास

दंड एकदा भरून संपतो. अपघाताची भरपाई तशी संपत नाही, आणि या विषयात सर्वांत मोठा धोका इथेच आहे.

मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १६४ नुसार मोटार वाहनाच्या वापरातून झालेल्या अपघातात मृत्यू झाल्यास पाच लाख रुपये आणि गंभीर दुखापत झाल्यास अडीच लाख रुपये भरपाई द्यावी लागते. चूक कोणाची होती हे जखमी व्यक्तीला सिद्ध करावे लागत नाही. ही रक्कम वाहनाच्या मालकाने किंवा त्याच्या विमा कंपनीने द्यायची असते. विमा असेल तर कंपनी देते. बदल केलेल्या ई-सायकलला विमा नसतो. म्हणून ती रक्कम मालकाच्या माथी येते. जखमीच्या कुटुंबाने कलम १६६ नुसार मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज केल्यास मृताचे वय आणि उत्पन्न पाहून रक्कम याहून मोठीही ठरू शकते.

तुलनेसाठी एक आकडा पाहा. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार तीन किलोवॅटपर्यंतच्या विद्युत दुचाकीचा तृतीय पक्ष विमा वर्षाला ४५७ रुपये आणि नव्या वाहनासाठी पाच वर्षांचा एकत्रित २,४६६ रुपये आहे (वस्तू व सेवा कर वेगळा). नोंदणीकृत वाहनाचा मालक वर्षाला पाचशेच्या आत जे ओझे विमा कंपनीवर टाकतो, तेच ओझे बदल केलेल्या सायकलचा मालक स्वतःच्या घरावर आणि पगारावर घेऊन फिरत असतो.

अपघाताची शक्यता का वाढते, तेही पाहा. समोर अचानक कोणी आले तर ब्रेक दाबेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. ताशी २५ किमी वेगात त्या सेकंदात सायकल ७ मीटर पुढे जाते आणि कोरड्या रस्त्यावर सायकलचे ब्रेक साधारणपणे जसे धरतात ते पाहता थांबेपर्यंत आणखी ६ मीटर. म्हणजे एकूण १३ मीटर. ताशी ४५ किमीला हेच अंतर सुमारे ३२ मीटर होते. वेग दुपटीपेक्षा कमी वाढला, थांबण्याचे अंतर मात्र जवळपास अडीच पट झाले. धडकेचा जोर तर सव्वातीन पट होतो, कारण तो वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. पावसात किंवा ब्रेकचे रबर झिजलेले असताना हे आकडे आणखी बिघडतात. सायकलची चौकट, रिम, पुढचा काटा आणि ब्रेक हे सगळे २५ किमीचा हिशेब धरून बनवलेले असतात. गॅरेजवाला वेग वाढवतो तेव्हा यातले काहीच बदलत नाही.

मिळणारा फायदाही तपासून पाहा. पाच किलोमीटरचे अंतर रिकाम्या रस्त्यावर ताशी २५ किमीने १२ मिनिटांत आणि ताशी ४० किमीने साडेसात मिनिटांत होते. शहरात सिग्नल, वळणे आणि गर्दी धरली तर या साडेचार मिनिटांतली बरीचशी तिथेच जातात. सामान पोहोचवणाऱ्यांवर वेळेचा दाब असतो हे खरे आहे, पण तो दाब वेग वाढवून फारसा कमी होत नाही.

बॅटरीचा धोका

३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-तासाच्या बॅटरीत ३६० वॅट-तास ऊर्जा असते. २५० वॅट घेताना या बॅटरीतून सुमारे ७ अँपिअर प्रवाह जातो. ७५० वॅट घेताना सुमारे २१ अँपिअर. प्रवाह तिप्पट झाला की त्याच तारेत आणि जोडांत तयार होणारी उष्णता नऊपट होते. बॅटरीच्या आत सुरक्षेसाठी बसवलेले सर्किट वारंवार वीज तोडू लागते. "सायकल मध्येच बंद पडते" अशी तक्रार घेऊन माणूस पुन्हा त्याच गॅरेजमध्ये जातो आणि तिथे ते सर्किटच काढून थेट जोडणी केली जाते. आगीचा धोका येथून सुरू होतो.

दुसरी चूक चार्जरची. ३६ व्होल्टची लिथियम-आयन बॅटरी साधारणपणे ४२ व्होल्टला पूर्ण भरते, ४८ व्होल्टची ५४.६ व्होल्टला. घरात दोन्ही प्रकारचे चार्जर असले आणि पिन एकच असली, तर रात्री अंधारात चुकीचा चार्जर लागू शकतो. लहान बॅटरीला मोठा चार्जर लागला आणि मधले सुरक्षा सर्किट काढलेले असले, तर ती जास्त भरून पेट घेऊ शकते. लिथियम बॅटरीची आग एका बादली पाण्याने विझत नाही, आणि विझल्यासारखी दिसून पुन्हा भडकू शकते. एका खोलीच्या घरात दारापाशीच सायकल चार्जिंगला लावलेली असते. आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच असते.

२०२२ मध्ये विद्युत दुचाकींना लागलेल्या आगींनंतर केंद्र सरकारने तज्ज्ञ समिती नेमली आणि नोंदणीकृत विद्युत दुचाकींच्या बॅटरीसाठीचे एआयएस-१५६ हे मानक अधिक कडक केले. गॅरेजमध्ये जुने सेल जोडून बनवलेली बॅटरी अशा कोणत्याही चाचणीतून गेलेली नसते.

यासाठी एवढे पाळा : सायकलसोबत आलेलाच चार्जर वापरा, चार्जिंग जागेपणी आणि दारापासून दूर करा, फुगलेली, पडून दबलेली किंवा वास येणारी बॅटरी वापरू नका. वेग वाढवल्यावर एका चार्जमध्ये होणारे अंतरही साधारण निम्म्यावर येते, कारण ताशी २५ च्या पुढे मोटरची बहुतेक ताकद हवेचा अडथळा कापण्यात जाते. रोज एकदा होणारे चार्जिंग दोनदा करावे लागते आणि बॅटरी त्या प्रमाणात लवकर थकते. नवी बॅटरी हा ई-सायकलचा सर्वांत मोठा खर्च आहे.

शाळेत मिळालेली सायकल आणि मोटर किट

अनेक राज्यांत विद्यार्थ्यांना सायकल दिली जाते. बिहारमध्ये २००६ पासून नववीच्या मुलींसाठी सायकल योजना सुरू झाली. पश्चिम बंगालमध्ये २०१५ पासून सबूज साथी योजनेत नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना सायकली दिल्या जातात. महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील मुलींना सायकल मिळते. या सायकलींना बाजारातले मोटर किट बसवण्याचे प्रमाण वाढत आहे. शाळा लांब असेल तर पालकांना तो सोपा उपाय वाटतो, आणि ते समजण्यासारखेही आहे.

मात्र दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. नियम २(यू) मधील सूट तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळालेल्या वाहनाला आहे. साध्या सायकलवर किट बसवले की ती सूट आपोआप मिळते असे समजू नये. किट विकणाऱ्याकडे चाचणी संस्थेचे प्रमाणपत्र मागावे, ते नसेल तर किट घेऊ नये. दुसरी गोष्ट वयाची. किट २५० वॅटपेक्षा मोठे असेल किंवा वेग २५ च्या पुढे जात असेल, तर अल्पवयीन मूल मोटार वाहन चालवत आहे असा अर्थ होतो. त्या स्थितीत कलम १९९ए नुसार पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. पालकाच्या संमतीनेच मूल वाहन चालवत होते असे न्यायालय गृहीत धरते; तसे नव्हते हे पालकाला दाखवून द्यावे लागते. त्या मुलाला किंवा मुलीला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत चालक परवानाही मिळू शकत नाही. पुढे गाडी चालवून पोट भरण्याची इच्छा असलेल्या मुलासाठी ही शिक्षा दंडापेक्षा मोठी आहे.

दिव्यांग लाभार्थ्यांनी एडिप योजनेतून मिळालेल्या मोटर बसवलेल्या तीनचाकी सायकलचा वेगही वाढवून घेऊ नये. तीन चाकांची सायकल वेगात वळताना आतले चाक उचलून उलटते. दुरुस्ती शक्यतो ती पुरवणाऱ्या संस्थेच्या केंद्रातच करून घ्यावी.

अनुदान आणि वेग

ई-सायकलसाठी थेट अनुदानाचे ठळक उदाहरण दिल्लीचे आहे. दिल्ली सरकारने एप्रिल २०२२ मध्ये आपल्या २०२० च्या विद्युत वाहन धोरणाखाली पहिल्या १०,००० ई-सायकलींना किमतीच्या २५ टक्के, कमाल ५,५०० रुपये अनुदान जाहीर केले. त्यातील पहिल्या १,००० खरेदीदारांना आणखी २,००० रुपये होते. सामान वाहणाऱ्या ई-सायकलच्या पहिल्या ५,००० वैयक्तिक खरेदीदारांसाठी किमतीच्या ३३ टक्के, कमाल १५,००० रुपये होते. लाभ आधार असलेल्या दिल्लीच्या रहिवाशांपुरता होता. हे अनुदान ठरावीक संख्येपुरते होते, म्हणून आज ते चालू आहे असे गृहीत धरू नये.

केंद्राच्या योजनांची दिशा वेगळी आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालेल्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत दुचाकीसाठीचे अनुदान नोंदणी होणाऱ्या वाहनालाच ठेवले आहे. नंबर प्लेट नसलेली, ताशी २५ किमीच्या आतली ई-सायकल त्यात बसत नाही, आणि वेग वाढवून ती बसवताही येत नाही. या योजनेत ३१ मार्च २०२५ पर्यंत प्रति किलोवॅट-तास ५,००० रुपये, कमाल १०,००० रुपये, आणि त्यानंतर ३१ मार्च २०२६ पर्यंत प्रति किलोवॅट-तास २,५०० रुपये, कमाल ५,००० रुपये असा दर ठेवण्यात आला. आधार पडताळणीनंतर ग्राहकाच्या मोबाइलवर ई-व्हाउचर येते आणि अनुदानाची रक्कम किमतीतूनच वजा होते. विक्रेत्याला वेगळे पैसे द्यायचे नसतात. खरेदीच्या दिवशी कोणती केंद्रीय किंवा राज्य योजना चालू आहे, हे परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे.

ताशी २५ किमी पुरत नसेल तर

रोजचे अंतर जास्त असेल, चढ असतील किंवा सामान जड असेल, तर नोंदणीकृत विद्युत दुचाकी घेणे हाच कायदेशीर मार्ग आहे आणि तो वाटतो तितका महाग नाही. केंद्राच्या २ ऑगस्ट २०२१ च्या अधिसूचनेनुसार बॅटरीवर चालणाऱ्या वाहनांना नोंदणी प्रमाणपत्राचे आणि त्याच्या नूतनीकरणाचे शुल्क माफ आहे. विद्युत वाहनाची नंबर प्लेट हिरवी असते. खासगी वाहनावर अक्षरे पांढरी, व्यावसायिक वाहनावर पिवळी. विक्रेता तुम्हाला हिरवी प्लेट देऊ शकत नसेल आणि तरीही "चाळीसने पळते" असे सांगत असेल, तर ते वाहन घेऊ नका.

बदल केलेल्या ई-सायकलची नंतर नोंदणी करून घेता येईल का, असे अनेक जण विचारतात. व्यवहारात ते होत नाही. नोंदणीसाठी नमुना २० चा अर्ज, विक्रेत्याचे नमुना २१ मधील विक्री प्रमाणपत्र आणि उत्पादकाचे नमुना २२ मधील प्रमाणपत्र लागते. गॅरेजमध्ये बदललेल्या वाहनाला उत्पादक असे प्रमाणपत्र देणार नाही.

तुमच्या सायकलमध्ये आधीच बदल असेल तर

आधी खात्री करा. सपाट, मोकळ्या रस्त्यावर पायडल न मारता सायकल चालवून मोबाइलच्या जीपीएसवर वेग पाहा. तो २५ च्या पुढे जात असेल, मोटरवर कोरलेला आकडा २५० पेक्षा मोठा असेल किंवा बॅटरीवरचे व्होल्टेज माहितीपुस्तिकेतल्या आकड्याशी जुळत नसेल, तर बदल झालेला आहे. कंपनीच्या सेवा केंद्रात मूळ कंट्रोलर, मूळ बॅटरी आणि मूळ सेटिंग परत बसवून घ्या आणि कामाचे छापील बिल घ्या. तोपर्यंत ती रस्त्यावर आणू नका.

नवीन म्हणून विकलेली सायकलच बदल केलेली निघाली, तर दोन ठिकाणी दाद मागता येते. प्रादेशिक परिवहन कार्यालयात विक्रेत्याविरुद्ध लेखी तक्रार द्या. सोबत बिल आणि वाहनाचे फोटो जोडा. पैसे परत मिळवण्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा आणि तिथे न मिटल्यास दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला आयोगाचे शुल्क लागत नाही आणि वकील नेमणेही सक्तीचे नाही. "वेग वाढवून दिला आहे" असे विक्रेत्याने मोबाइलवर पाठवलेले संदेश पुसून टाकू नका. पुरावा म्हणून त्यांचा उपयोग होतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे स्कूटरचा परवाना आहे. मग वेग वाढवलेली ई-सायकल चालवता येईल का?
नाही. परवाना चालकाचा असतो. नोंदणी आणि विमा वाहनाचा लागतो, आणि तो या वाहनाला मिळत नाही.

फक्त सोसायटीच्या किंवा कारखान्याच्या आवारात चालवली तर?
अधिनियमात सार्वजनिक जागेची व्याख्या रस्त्यापुरती नाही. लोकांना ये-जा करण्याचा हक्क असलेली जागा तिच्यात येते. बॅटरीचा आणि ब्रेकचा धोका तर कुठेही सारखाच आहे.

उतारावर सायकल आपोआप २५ च्या पुढे जाते. तो गुन्हा आहे का?
नाही. उतारामुळे किंवा पायडलच्या जोराने आलेला वेग हा मोटरचा वेग नाही. २५ किमीला मोटरने मदत थांबवली पाहिजे, इतकेच नियमाला हवे आहे.

मर्यादेतली ई-सायकल चालवताना हेल्मेट सक्तीचे आहे का?
मोटार वाहन अधिनियमानुसार नाही. पण ताशी २५ किमीला डोके रस्त्यावर आपटले तरी इजा जिवावर बेतू शकते, हेल्मेट घालावेच.

ई-सायकलला विमा नसतो, मग मला काही झाले तर कुटुंबाने काय करायचे?
प्रधानमंत्री सुरक्षा बिमा योजना घ्यावी. बँकेत किंवा टपाल कार्यालयात खाते असलेल्या १८ ते ७० वयाच्या व्यक्तीला वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वासाठी दोन लाख रुपये आणि अंशतः कायम अपंगत्वासाठी एक लाख रुपयांचे संरक्षण मिळते. हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो, म्हणून मे महिन्याच्या शेवटी खात्यात किमान तेवढी शिल्लक ठेवावी. विम्याचे वर्ष १ जूनपासून ३१ मेपर्यंत असते.